डॉ. बाबासाहेब आंबेडकर : एकाच वेळी दोन पदव्यांची तपश्चर्या

प्रतिवर्षी आमच्या मंडळाचा गुणगौरव समारंभ आटोपला की चहापानाच्या वेळी पालकमंडळी आम्हांस गाठतात आणि मुलामुलींच्या पुढील शिक्षणाविषयी विचारविनिमय करतात. अलीकडे त्यांत एक प्रश्न वारंवार येऊ लागला आहे. मुलाने किंवा मुलीने एकाच वेळी दोन पदव्यांचा अभ्यास करावा काय? विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये तशी मोकळीक दिल्यापासून हा प्रश्न घरोघर निघू लागला आहे. दोन्ही अभ्यासक्रम वर्गात बसून करावयाचे असल्यास त्यांच्या तासांच्या वेळा एकमेकींवर येऊ नयेत, अथवा एक वर्गात व दुसरा दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन पद्धतीने करावा, अशी ती योजना आहे. पीएच. डी.चा अभ्यास तीतून वगळलेला आहे. वकिलीसारख्या ज्या शिक्षणावर स्वतंत्र परिषदांचे नियंत्रण असते, तेथे त्या परिषदांचे नियम पाहावे लागतात. भोसरीत किंवा चाकणला पाळीने काम करणारा तरुण असो, की आकुर्डी-निगडीच्या महाविद्यालयात शिकणारी कन्या असो, दोन पदव्यांचा मोह कोणासही पडावा असाच हा काळ आहे.

या प्रश्नाचे उत्तर केवळ नियम वाचून मिळणारे नाही. ज्याने हा मार्ग स्वतः चालून पाहिला, त्याच्या चरित्राकडेच वळले पाहिजे. असा पुरुष आपल्या महाराष्ट्रात होऊन गेला. त्याचे नाव डॉ. भीमराव रामजी आंबेडकर. राज्यघटनेचे शिल्पकार आणि दलितांचे उद्धारक म्हणून बाबासाहेबांस सारे जग ओळखते. परंतु त्यांच्या विद्यार्थिदशेतील ती दहा वर्षे, म्हणजे १९१३ ते १९२३ हा काळ, जितक्या बारकाईने पाहावयास हवा तितका आपण पाहत नाही. प्रस्तुत लेखात तेवढाच भाग सांगण्याचा आमचा मानस आहे.

येथे एका गोष्टीचा उच्चार केल्यावाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. आमचे मंडळ ही एक ज्ञातिसंस्था आहे. बाबासाहेबांनी तर जातिसंस्थेच्याच मुळावर घाव घातला. जातिनिर्मूलनावरील त्यांचा १९३६ मधील निबंध सर्वश्रुत आहे. तेव्हा त्यांचे चरित्र ज्ञातिमंडळाच्या स्मरणिकेत छापताना आम्हांस संकोच वाटतो, हे आम्ही लपवीत नाही. तथापि ज्ञातिसंस्थेचा काही सदुपयोग उरला असेल तर तो मुलांच्या विद्यार्जनास हातभार लावणे हाच होय. त्या एका कार्यापुरते त्यांचे स्मरण करण्याचा अधिकार कोणत्याही जातीच्या कुटुंबास आहे, असे आम्ही मानतो.

शिवाय आपल्या या परिसराशी त्यांचा संबंध दूरचा नाही. तळेगाव दाभाडे येथे त्यांचे घर होते. दिनांक २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोड येथील विहारात त्यांच्याच हस्ते बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना झाली. आज पिंपरीच्या चौकात त्यांचा पुतळा उभा आहे आणि पहिल्या पाळीस निघालेले हजारो कामगार दररोज पहाटे त्यासमोरून जातात.

बालपण आणि परळची खोली

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. वडील रामजी सकपाळ हे सैन्यात सुभेदार. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. मातोश्री भीमाबाई यांचे छत्र मूल लहान असतानाच हरपले. साताऱ्याच्या शाळेत वर्गाच्या कोपऱ्यात निराळे बसावयाचे, आणि तहान लागली तर दुसऱ्या कोणी वरून पाणी ओतील तेव्हाच ती भागवावयाची, हे त्या बालकाच्या वाट्यास आले. तो इतिहास आपणांस ठाऊक आहे; येथे त्याचा विस्तार करीत नाही.

कुटुंब पुढे मुंबईस परळच्या चाळीत राहावयास आले. एकच खोली. तीतच स्वयंपाक, तीतच निजणे, तीतच अभ्यास. सुभेदारांनी यावर एक तोड काढली. मुलाने संध्याकाळी लवकर झोपावे, पित्याने रात्री दोन वाजेपर्यंत जागावे, मग मुलास उठवून आपण निजावे. दिव्याच्या मंद उजेडात पहाटेपर्यंत त्या मुलाचे वाचन चाले. पुस्तकांचा हव्यास पुरविण्याकरिता सुभेदार आपल्या विवाहित कन्यांकडे जात, त्यांचा एखादा दागिना मागून आणीत, तो गहाण ठेवीत, आणि निवृत्तिवेतन हाती आले की सोडवून परत करीत. भीमरावांच्या पहिल्या ग्रंथालयात असे एका बहिणीचे सोने होते, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे जे घडले त्याचे बीज येथेच आहे.

१९०७ मध्ये ते मॅट्रिक झाले. त्यानिमित्त भरलेल्या सत्काराच्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्यांस भेट दिले. याच गुरुजींच्या खटपटीने बडोद्याचे श्रीमंत सयाजीराव गायकवाड महाराज यांच्याकडून दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि भीमराव एल्फिन्स्टन महाविद्यालयातून अर्थशास्त्र व राज्यशास्त्र घेऊन बी. ए. झाले. १९१३ च्या आरंभी ते बडोद्याच्या नोकरीत रुजू होतात न होतात तोच, २ फेब्रुवारी १९१३ रोजी, सुभेदारांचे निधन झाले. मुलाच्या शिक्षणासाठी रात्री जागणारा पिता त्याच्या खऱ्या विद्यार्जनाच्या उंबरठ्यावरच गेला.

शिष्यवृत्तीची मुदत

त्याच वर्षी सयाजीराव महाराजांनी त्यांस अमेरिकेत उच्च शिक्षणासाठी पाठविण्याचे ठरविले. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि परत आल्यावर बडोदे संस्थानात दहा वर्षे नोकरी, असा करार झाला. १९१३ च्या जुलै महिन्यात भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.

त्यांच्या पुढील साऱ्या धावपळीचे रहस्य या तीन वर्षांच्या मुदतीत आहे, असे आमचे मत आहे. श्रीमंताच्या मुलास परदेशी विद्येसाठी वेळ विकत घेता येतो. एक पदवी झाली, थोडी विश्रांती घेतली, मग दुसरी, असा त्याचा प्रवास होऊ शकतो. भीमरावांपाशी मोजून दिलेले दिवस होते. ते संपले की पुन्हा समुद्र ओलांडण्याची संधी मिळेलच, याची हमी कोणीही दिली नव्हती. म्हणून वेळाचे जे माप हाती आले ते शिगोशीग भरावयाचे, हा त्यांचा निश्चय झाला. कोलंबियात त्यांनी अर्थशास्त्राचे एकूण २९ अभ्यासक्रम घेतले. त्याखेरीज इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र व राज्यशास्त्र या विषयांचेही वर्ग केले. प्रा. सेलिग्मन यांच्यासारखे अर्थशास्त्रज्ञ आणि प्रा. जॉन ड्यूई यांच्यासारखे तत्त्वज्ञ त्यांस गुरू म्हणून लाभले. १९१५ मध्ये ते एम. ए. झाले. मे १९१६ मध्ये प्रा. गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात त्यांनी भारतातील जातींच्या उत्पत्तीवर निबंध वाचला. त्याच सुमारास भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नाविषयीचा पीएच. डी.साठीचा प्रबंधही विद्यापीठास सादर केला.

परंतु कोलंबियाचा त्या काळचा नियम असा होता की, प्रबंध मान्य झाला तरी तो छापून त्याच्या प्रती विद्यापीठास दिल्यावाचून पदवी हाती पडावयाची नाही. छपाईस पैसा हवा, आणि तो नव्हता. अशा रीतीने एका विद्यापीठाची सर्वोच्च पदवी अशी अधांतरी ठेवून भीमराव लंडनला निघाले.

लंडन : एक विद्यार्थी, दोन वाटा

बडोदे सरकारने शिष्यवृत्ती आणखी एक वर्ष वाढविली होती. १९१६ च्या ऑक्टोबरात भीमरावांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातले, आणि ११ नोव्हेंबर १९१६ रोजी ग्रेज इन या संस्थेत बॅरिस्टरीसाठी प्रवेश घेतला. तिकडे कोलंबियाची पीएच. डी. छपाईची वाट पाहत होती. म्हणजे एकाच वेळी तीन ठिकाणी या एका माणसाची विद्यार्थी म्हणून नोंद होती.

बॅरिस्टरी ही विद्यापीठाची पदवी नव्हे, हे आम्ही जाणतो. परंतु परिश्रमाच्या दृष्टीने ती पदवीहून उणी नाही, आणि दोन अभ्यास एकत्र कसे बसविता येतात हे समजण्यास तिची पद्धत पाहणे उद्बोधक आहे. इंग्लंडात बॅरिस्टर होण्यासाठी परीक्षा तर द्याव्या लागतच, शिवाय ठराविक सत्रे भरावी लागत. सत्र भरणे म्हणजे काय, तर त्या सत्रात इनच्या भोजनगृहात नेमकी तितक्या वेळा हजेरी लावून जेवणे. अशी सुमारे बारा सत्रे, म्हणजे जवळजवळ तीन वर्षे, लंडनशी संबंध राखावा लागे. दिवसभर व्याख्यानांस बसण्याची मात्र तेथे सक्ती नसे. याउलट लंडन स्कूलमध्ये दिवसा वर्ग असत. पहिल्या वर्षी भीमरावांनी प्रा. मॅकिंडर यांच्याकडे भूगोल आणि प्रा. हॉबहाउस यांच्याकडे समाजशास्त्र, असे विषय घेतले होते. जो मुक्काम एका शिक्षणासाठी अटळच होता, त्यातच दुसरे शिक्षण बसवावयाचे, अशी ही योजना होती. नुसती हौस म्हणून दोन दगडांवर पाय ठेवण्याचा हा प्रकार नव्हता.

दोन विषय निवडण्यामागेही विचार होता. अर्थशास्त्र हा त्यांच्या बुद्धीचा विषय होता. देश दरिद्री का, करांचा बोजा कोणावर, रुपयाचे मोल घसरले तर भुर्दंड कोणास, हे त्यांस शोधावयाचे होते. कायदा हा चरितार्थाचा आणि स्वातंत्र्याचा मार्ग होता. अस्पृश्य मानलेल्या माणसास नोकरीत वरिष्ठांची मर्जी सांभाळावी लागते. स्वतंत्र वकिलीत निदान कोणाची चाकरी नाही. पहिले शिक्षण समाजाचे दुखणे ओळखण्यासाठी, दुसरे ते दुखणे न्यायासनासमोर मांडण्यासाठी. दोन्ही वाटा एकाच गावास जात होत्या.

ही घडी बसते न बसते तोच शिष्यवृत्तीची मुदत संपली. बडोद्याच्या दिवाणांनी ती आणखी वाढविण्यास नकार दिला. १९१७ च्या मध्यास अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. त्यांच्या सुदैवाने लंडन विद्यापीठाने, चार वर्षांच्या आत परत आल्यास अभ्यास पुढे चालू करता येईल, अशी परवानगी दिली. महायुद्धाचे ते दिवस. सामानाची बोट शत्रूच्या पाणबुडीने बुडविली आणि जमविलेली कितीतरी पुस्तके समुद्रार्पण झाली. चार वर्षांच्या परदेशवासानंतर ते मायदेशी पोहोचले तेव्हा कोलंबियाची पीएच. डी. हाती नव्हती, लंडनची पदवी नव्हती आणि बॅरिस्टरीही नव्हती.

मधली तीन वर्षे

करारानुसार ते बडोद्यास गेले. परदेशात विद्वान प्राध्यापकांच्या पंक्तीस बसलेल्या या पुरुषास त्या शहरात राहावयास घर मिळेना. पारशी धर्मशाळेत त्यांनी आसरा घेतला, तेथूनही जमाव येऊन त्यांस बाहेर काढून गेला. कचेरीतील शिपाई कागद दुरून टाकीत. अखेर नोकरी सोडून ते मुंबईस आले.

पुढे १९१८ च्या नोव्हेंबरात सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. दरमहा ४५० रुपये वेतन त्या काळी लहान नव्हते. पण परळच्या चाळीतील बिऱ्हाड त्यांनी बदलले नाही. खर्चापुरते पत्नीच्या हाती द्यावयाचे आणि उरलेले लंडनसाठी बाजूस ठेवावयाचे. याच काळात, ३१ जानेवारी १९२० रोजी, त्यांनी मूकनायक हे पाक्षिक सुरू केले. मार्च १९२० मध्ये माणगाव परिषदेत कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांनी त्यांचा जाहीर गौरव केला. महाराजांचे आर्थिक साहाय्य, न्यूयॉर्कपासूनचे पारशी स्नेही नवल भथेना यांचे ५,००० रुपयांचे कर्ज आणि स्वतःची शिल्लक, एवढ्या शिदोरीवर १९२० च्या जुलैत ते पुन्हा लंडनला निघाले. चार वर्षांची सवलत संपावयास सुमारे एकच वर्ष उरले होते.

पुन्हा लंडन

या दुसऱ्या मुक्कामात त्यांनी जो क्रम आखला, तो आजच्या विद्यार्थ्याने पाठ करावा असा आहे. सकाळी ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय उघडावयाच्या वेळी दाराशी हजर राहावयाचे आणि ते बंद होईपर्यंत उठावयाचे नाही. मधूनच इंडिया ऑफिसच्या ग्रंथालयात जुनी सरकारी दप्तरे चाळावयाची. लंडन स्कूलचे काम आणि इनची सत्रे त्यातच सांभाळावयाची. राहण्याच्या घरी जेवण बेताचेच. रात्री वाचता वाचता भूक लागली की देशातून नेलेले पापड भाजून ती भागवीत, असे त्यांचे सोबती सांगत. १९२१-२२ मध्ये ज्या घरात ते राहत, ते किंग हेन्री रोडवरील १० क्रमांकाचे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेतले. आज तेथे त्यांचे स्मारक आहे.

जून १९२१ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानातील साम्राज्याच्या वित्तव्यवस्थेचे प्रांतवार विकेंद्रीकरण या विषयावरील प्रबंधास एम. एस्सी.ची पदवी मिळाली. ऑक्टोबर १९२२ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध डी. एस्सी.साठी सादर झाला. १८९३ मध्ये सरकारने चांदीचे नाणे मुक्तपणे पाडून घेण्याची मुभा बंद केल्यापासून रुपयाची जी गत झाली, तिचे हे विवेचन होते. प्रख्यात अर्थशास्त्रज्ञ केन्स ज्या सुवर्ण-विनिमय पद्धतीचा पुरस्कार करीत, तिच्यातील दोष या तरुणाने दाखविले. नाण्याची खरी कसोटी परदेशी हुंडणावळीचा दर ही नसून, बाजारात त्या रुपयाने किती धान्य, किती कापड मिळते ही आहे, असा त्यांच्या विवेचनाचा रोख होता. चाळीत वाढलेल्या माणसालाच ही दृष्टी लाभावी, असे आम्हांस वाटते.

याच धामधुमीत १९२२ मध्ये त्यांनी जर्मनीतील बॉन विद्यापीठातही नाव दाखल केले. मात्र तो अभ्यासक्रम पुरा झाला नाही. लंडनच्या प्रबंधाचे काम समोर असता त्यांनी तो बेत सोडून दिला. चरित्रकार ही गोष्ट एका ओळीत सांगून पुढे जातात. आम्हांस ती थांबून विचार करण्याजोगी वाटते. आंबेडकरांसारख्या बुद्धिमंतासही एक वाट सोडावी लागली. जी सोडली तिची त्यांनी खंत केली नाही आणि ज्या दोन धरल्या त्या शेवटपर्यंत नेल्या.

शेवटही सुखाचा नव्हता. बॅरिस्टरी पुरी झाली, परंतु मार्च १९२३ मध्ये परीक्षकांनी रुपयावरील प्रबंध सुधारून पुन्हा सादर करण्यास सांगितले. गाठीचे पैसे संपलेले. एप्रिलमध्ये त्यांस मुंबईस परतावे लागले. दुरुस्त्या करून प्रबंध मुंबईहूनच पाठविला. आपले मूळ निष्कर्ष त्यांनी तसेच ठेवले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस लंडन विद्यापीठाने डी. एस्सी. दिली. प्रबंध डिसेंबर १९२३ मध्ये ग्रंथरूपाने निघाला. गुरू प्रा. कॅनन यांनी त्यास प्रस्तावना लिहिली, शिष्याच्या सर्वच मतांशी सहमत नसल्याचे मोकळेपणाने सांगितले, आणि तरीही त्याच्या बुद्धीचा गौरव केला. ग्रंथ अर्पण केला होता तो दिवंगत माता-पित्यांस. परळच्या खोलीत रात्री दोनपर्यंत जागणाऱ्या सुभेदारांचे ऋण असे मान्य झाले.

कोलंबियाचे काम तेवढे राहिले होते. १९२५ मध्ये प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरील ग्रंथ छापून निघाला, त्यास प्रा. सेलिग्मन यांनी प्रस्तावना लिहिली आणि तो सयाजीराव महाराजांस अर्पण झाला. त्यानंतर १९२७ मध्ये कोलंबियाने पीएच. डी. प्रदान केली. १९१६ मध्ये हातातोंडाशी आलेली पदवी प्रत्यक्ष पदरात पडण्यास अकरा वर्षे लागली.

घराने भरलेले मोल

आता आम्ही त्या भागाकडे येतो, ज्यासाठी मुख्यतः हा लेख लिहिला. दोन पदव्या एकाच वेळी घेता येतात, हे बाबासाहेबांनी दाखविले. परंतु त्यांचे मोल केवळ विद्यार्थ्याने भरलेले नाही. ते त्याच्या घराने भरले.

रमाबाईंचे लग्न लहान वयात झाले. पती अमेरिकेत, मग लंडनला, मग पुन्हा लंडनला. परळच्या चाळीत संसाराचा गाडा त्यांनी एकटीने ओढला. सरपणासाठी शेण गोळा करून त्या गोवऱ्या थापीत, असे सांगतात. पाच अपत्यांपैकी यशवंत तेवढे वाचले; गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चौघे लहानपणीच गेली. पती मायदेशी परतल्यावर त्यांस वकिलीची सनद घ्यावयाची, तर तेवढेही पैसे घरात नव्हते. पुन्हा नवल भथेनाच मदतीस धावले. सारे आयुष्य ओढगस्तीत काढून २७ मे १९३५ रोजी रमाबाईंनी देह ठेवला. पाकिस्तानच्या प्रश्नावरील आपला ग्रंथ पुढे बाबासाहेबांनी त्यांच्या स्मृतीस अर्पण केला.

माता-पित्यांस एक ग्रंथ, आश्रयदात्यास एक ग्रंथ, पत्नीस एक ग्रंथ. बाबासाहेबांच्या ग्रंथांची अर्पणपत्रिका हीच त्यांच्या ऋणांची वही आहे. आपल्या नावापुढील अक्षरे एकट्याच्या कमाईची नाहीत, ही जाणीव त्यांनी कधी सोडली नाही.

दोन विद्यांचा एक संगम

बाबासाहेबांस बत्तीस पदव्या होत्या, अशी पत्रके आपण पाहतो. भक्तिभाव समजू शकतो, परंतु सत्य त्याहून मोठे आहे. मुंबईची बी. ए., कोलंबियाची एम. ए. व पीएच. डी., लंडनची एम. एस्सी. व डी. एस्सी., आणि ग्रेज इनची बॅरिस्टरी, या त्यांनी अभ्यासाने मिळविल्या. कोलंबियाने १९५२ मध्ये एलएल. डी. आणि उस्मानिया विद्यापीठाने १९५३ मध्ये डी. लिट. या सन्मानाने दिल्या. संख्या फुगवून त्यांचा मोठेपणा वाढत नाही. ज्या घेतल्या त्यांतील एकही त्यांनी भिंतीवर टांगून ठेवण्यासाठी घेतली नाही, यातच त्यांचा मोठेपणा आहे.

१९२५ मध्ये भारतीय चलनाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली, तेथे अर्थशास्त्र कामी आले. त्याच काळात ते एका संस्थेत व्यापारी कायदा शिकवीत, तेथे दोन्ही विद्या कामी आल्या. मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे ते पुढे प्राचार्य झाले. आणि २९ ऑगस्ट १९४७ रोजी घटनेच्या मसुदा समितीची सूत्रे त्यांच्याकडे आली, तेव्हा तर दोन्हींचा संगम झाला. केंद्र आणि राज्ये यांच्यात करांचे उत्पन्न कसे वाटावे, हा घटनेतील एक अवघड भाग. या वाटपासाठी वित्त आयोग नेमण्याची तरतूद घटनेच्या २८० व्या कलमात आहे. त्या समितीच्या अध्यक्षस्थानी असा पुरुष होता, ज्याने १८३३ पासूनच्या केंद्र व प्रांत यांच्या हिशेबावर तरुणपणी दोन विद्यापीठांत प्रबंध लिहिले होते. केवळ कायदेपंडितास हिशेब उमगला नसता, केवळ अर्थपंडितास कलम लिहिता आले नसते.

स्वतःस जे कष्ट पडले ते पुढच्या मुलांस पडू नयेत, अशीही त्यांची दृष्टी होती. १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ मध्ये मुंबईस सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. तेथे वर्ग सकाळी लवकर भरत, जेणेकरून विद्यार्थ्याने शिकून मग नोकरीवर जावे. १९५० मध्ये औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, महाविद्यालय काढून त्यांनी मराठवाड्यातील मुलांसाठी दार उघडले. पाळीवर जाणाऱ्या आपल्या तरुणांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

उपसंहार

तर मग पालकांच्या त्या प्रश्नास आमचे उत्तर काय? दोन पदव्या एकाच वेळी अवश्य कराव्यात, परंतु तीन गोष्टी आधी तपासाव्यात. पहिली, दोन्ही विद्या एकमेकींस पूरक आहेत काय? दुसरी, हातचा वेळ मोजलेला असल्यामुळे आपण घाई करीत आहोत, की शेजाऱ्याच्या मुलाकडे पाहून? आणि तिसरी, घरातील कोणाच्या विश्रांतीतून, कोणाच्या दागिन्यातून, कोणाच्या एकटेपणातून हा वेळ निघणार आहे, आणि त्या व्यक्तीस कोणी विचारले आहे काय? या तिन्हींची उत्तरे समाधानकारक असतील तर निःशंक पुढे व्हावे. नसतील तर एक वाट सोडण्यात कमीपणा नाही. बॉनचा बेत बाबासाहेबांनीही सोडला होता.

या निमित्ताने मंडळाच्या कार्यकारिणीपुढे आम्ही एक सूचना नम्रपणे ठेवतो. गुणगौरव समारंभात आपण विद्यार्थ्यास शाल व श्रीफळ देतो. यापुढे नोकरी सांभाळून अथवा दोन अभ्यासक्रम एकत्र करून जो उत्तीर्ण होईल, त्याच्यासमवेत त्याची माता, पत्नी, पती, बहीण, ज्या कोणी घरचा भार वाहिला असेल, त्या व्यक्तीसही व्यासपीठावर पाचारण करावे. शाल प्रथम तिच्या खांद्यावर पडावी. त्याकरिता निराळा निधी नको. एक खुर्ची अधिक मांडली म्हणजे झाले.

दिनांक ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीस बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्यांच्या पदव्यांची यादी मुलांकडून पाठ करून घेणे सोपे आहे. त्या यादीमागे उभी असलेली परळची ती खोली, तेथे रात्री जागणारे सुभेदार, दागिना काढून देणाऱ्या बहिणी आणि गोवऱ्या थापणाऱ्या रमाबाई मुलांस सांगणे अवघड आहे. सभासद कुटुंबांनी तेवढे करावे, इतकीच आमची विनंती.